मोरीतले पाणी जाते कुठे?

शहागंजच्या घड्याळाच्या आसपास संसार केलेल्या आम्हा बायकांच्या कॅलेंडरवर एकादशी-चतुर्थीइतकाच महत्त्वाचा आणखी एक दिवस असतो. तो म्हणजे ‘पाण्याचा दिवस’. आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, कित्येक वर्षे आम्ही या पाण्याच्या दिवसावरच संसार केला. कधी चार दिवसांनी पाणी, कधी आठवड्याने. त्यातही वेळ रात्रीची की पहाटेची, ते त्या नळालाच माहीत! म्हणून पाण्याच्या दिवशी कान उघडे ठेवून निजायचे आणि नळ सूं सूं करू लागला की पदर खोचून उठायचे.

अशाच एका रात्रीची गोष्ट. दोनच्या सुमाराला नळ आला. मी घाईने भांडी रिकामी करायला लागले. मागच्या वेळचे जवळजवळ पिंपभर पाणी शिल्लक होते. ‘शिळे’ पाणी कशाला ठेवायचे म्हणून मी ते सरळ मोरीत उपडे केले. आवाजाने सासूबाई उठून आल्या.

“अगं, ओततेस काय एवढं? कुठून आलं ते पाणी, ठाऊक आहे ना?”

“नाथसागरातून, आई.”

“आणि आता चाललं कुठं?”

मला हसू आले. म्हटले, “कुठं म्हणजे? मोरीतून गटारात.”

“आणि गटारातून?”

आता मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते. सासूबाईच म्हणाल्या, “माझ्या माहेरी जातं ते!”

सासूबाईंचे माहेर पैठणचे. गोदावरीला त्या कधी गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. लहानपणी घाटावरून कळशी भरून आणायची आणि तेच पाणी फडक्याने गाळून प्यायचे, हे त्यांच्याकडून मी शंभरदा ऐकले असेल. पण त्या रात्रीचे ते एक वाक्य मनात रुतून बसले. मैत्रिणींनो, आपण घरात येणाऱ्या पाण्याचा थेंब न् थेंब मोजतो. किती वाजता आले, किती हंडे भरले, गढूळ होते की स्वच्छ. पण घरातून जाणाऱ्या पाण्याचा विचार आपल्यापैकी किती जणी करतात? मी तरी केला नव्हता.

तो पांढरा गोळा

विचार करायला लावले ते आमच्या चेंबरने. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. एके सकाळी न्हाणीघरातले पाणी जाईना, उलट वर येऊ लागले. अंगणातले चेंबर तुंबले होते. साफ करणाऱ्या भाऊंना बोलावले. त्यांनी लांब बांबूच्या पट्टीने बरीच खटपट केली आणि शेवटी एक भलामोठा पांढरट, चिकट गोळा बाहेर ओढून काढला. त्याला केस, भाताची शिते, प्लास्टिकची पिशवी आणि चिंध्या असे सगळे चिकटलेले होते.

“हे काय हो?” मी नाक दाबून विचारले.

“तेल आहे वहिनी. तळणाचं. गरम असतं तेव्हा जातं खाली, मग थिजतं आत. दिवाळीनंतर घरोघर हेच काढतो आम्ही.”

मला शरमेने मेल्यासारखे झाले. चकल्या-अनारशांच्या तळणाचे उरलेले काळे तेल मीच तर मोरीत ओतले होते, वरून गरम पाणीही सोडले होते! आणि मग लक्षात आले, की जेवढे अडकले तेवढे निदान दिसले तरी. जे अडकले नाही, ते पुढे गेले. ते कुठे गेले?

त्याचा पत्ता मी हळूहळू लावला. आधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारले, मग वाचले आणि पुढे प्रत्यक्ष जाऊन पाहिले.

खाम नावाची एक नदी

मोरीतून चेंबर, चेंबरमधून गल्लीतली ड्रेनेजची लाइन, आणि लाइन फुटलेली किंवा जोडलेलीच नसेल तर उघडा नाला. आणि नाला जातो खाम नदीला. शहरातल्या नव्या मुलांना विचारा, खामला ते ‘नाला’च म्हणतात. पण ती खरोखरीची नदी आहे. जटवाड्याच्या डोंगरात उगम पावते, हर्सूलच्या तलावातून येते, जुन्या शहराच्या कडेकडेने पाणचक्कीजवळून महमूद दरवाजाच्या पुलाखालून वाहते आणि पुढे वाळूजच्या बाजूने जाऊन गोदावरीला, म्हणजे आताच्या नाथसागराला मिळते.

हे शहरच मुळी खामच्या आधाराने वसले. १६१० साली मलिक अंबरने खडकी गावी राजधानी वसवली, तेव्हा त्याने आधी पाण्याची सोय पाहिली. डोंगरातले झरे जमिनीखालच्या कालव्यांतून शहरात आणणारी ती ‘नहर-ए-अंबरी’ आजही तज्ज्ञ मंडळी कौतुकाने पाहायला येतात. पाणचक्की तर आपण पाहुण्यांना हमखास दाखवतो. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर जाते फिरवायचे आणि दर्ग्यात आलेल्यांसाठी पीठ दळायचे! पाहुणे तो हौद पाहतात, फोटो काढतात. पण हौदाच्या पलीकडे खाली वाहणाऱ्या खामकडे पाहताना मात्र नाकाला रुमाल लावतात. चारशे वर्षांपूर्वी स्वच्छ पाणी आणायचा एवढा विचार झाला, आणि घाण पाणी नेण्याचा विचार मात्र आपल्याला फार उशिरा सुचला.

आणखी एक गंमत ऐका. (गंमत कसली, डोळ्यांत पाणी आणणारीच गोष्ट!) जायकवाडीच्या धरणाची कोनशिला १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. त्या धरणाचा जलाशय म्हणजे नाथसागर. भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पाणीच पाणी. आपल्या शहराला पिण्याचे पाणी येते ते याच नाथसागरातून. पंपाने उपसायचे, फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध करायचे आणि वर चढवून शहरात आणायचे. म्हणजे पाहा, ज्या सागरात आपली मोरी रिकामी होते, त्याच सागरातून आपला हंडा भरतो! माहेरी काय पाठवले आणि माहेराहून काय आले, याचा हिशेब इतका सरळ दुसरीकडे कुठे सापडायचा नाही.

होडीवाल्याच्या घरी

आपल्यापर्यंत ते पाणी शुद्ध होऊन, क्लोरीन घालून येते. पण जे लोक त्या पाण्यावरच जगतात, त्यांचे काय?

पैठणला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा सासूबाई मला त्यांच्या एका बालमैत्रिणीकडे घेऊन गेल्या. नदीकाठच्या भोई आणि कहार कुटुंबांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा होडीचा आणि मासळीचा. या घरातले म्हातारे आता थकलेत, मुलगा जाळे टाकतो. लाकडी होड्या कमी झाल्या, थर्माकोलचे तराफे आले. संध्याकाळी जाळे टाकायचे, पहाटे अंधारात जाऊन काढायचे. पकडलेली मासळी बाजारात नेऊन विकायची ती बहुधा घरातल्या बाईने. म्हणजे धंद्याचा निम्मा भार बाईच्याच डोक्यावर.

मी सहज विचारले, “मावशी, पाणी बिघडलं म्हणतात, तुम्हाला जाणवतं का हो?”

मावशी हसल्या. म्हणाल्या, “जाणवायला काय, बाई, आम्ही त्याच्यातच असतो की! आधी आमचा माणूस होडीत बसला की तहान लागल्यावर ओंजळीनं गंगेचं पाणी प्यायचा. आता पोरगं पाण्यावर जातं, तर घरून पाण्याचा कॅन भरून द्यावा लागतो.”

एवढ्या मोठ्या पाण्यात राहायचे आणि पिण्याचे पाणी मात्र घरून न्यायचे. याहून आणखी काय सांगायचे?

मग त्या एकेक सांगत गेल्या. पायांना, मांड्यांना खाज सुटते, पुरळ येते, पावसाळ्यात तर जास्तच. एखादी जखम असली तर चिघळते, लवकर भरत नाही. काठाला जलपर्णी माजली की तराफा पुढे सरकत नाही. जाळे त्यात गुरफटले तर सोडवताना फाटते आणि नवे जाळे म्हणजे मोठाच खर्च. जाळ्याला हिरवट शेवाळाची साय धरते, ती धुवायची कोणी? बाईनेच. आणि मासळी? पूर्वी मरळ, वाम, रोहू भरपूर मिळायचे. आता जाळ्यात येते ती जास्त करून चिलापी. तिला भाव कमी. “गिऱ्हाईक आधी वास घेतं, मग भाव करतं,” मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण मला मात्र तिथला चहा गोड लागेना.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा सगळा दोष एकट्या आपल्या शहराचा नाही. गोदावरी आपल्याकडे येते ती नाशिकसारख्या मोठ्या शहराचे सांडपाणी पोटात घेऊन. कारखान्यांचे पाणी त्यात असते, उसाच्या शेतातून वाहून आलेले खत असते. नाथसागर मोठा आहे, तो बरेच काही पचवतो. पण नदी-नाले जिथे त्याला मिळतात, त्या उथळ काठाला घाण साठते. आणि मासे अंडी घालतात ते त्याच उथळ काठाला, तराफेही जास्त फिरतात ते तिथेच.

पाण्यालाही भूक लागते

सांडपाण्याने मासा मरतो म्हणजे नेमके काय होते? विष पडते का? दर वेळी नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्या उदाहरणानेच सांगते.

पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. आपल्याकडच्या हवामानात स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये जेमतेम ८ मिलिग्रॅम. माशाचा श्वास त्याच्यावरच चालतो. आता त्या पाण्यात खरकटे, मैला, तेल, साबण पडले, की ते कुजवणारे जंतू वाढतात आणि कुजवण्यासाठी तोच प्राणवायू वापरतात. घाण जितकी जास्त, तितकी पाण्याची ‘भूक’ जास्त. शास्त्रज्ञ ही भूक मोजतात. आंघोळीच्या नदीत ती लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दंडक आहे. घरगुती सांडपाण्याची भूक साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. म्हणजे एक लिटर सांडपाणी सुमारे तीस लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकू शकते.

आणि दुधाची भूक ठाऊक आहे? लिटरला लाखाच्या घरात! नासलेले कपभर दूध आपण सहज मोरीत ओततो. ते तसेच नदीत पोचले, तर दीड-दोन हजार लिटर पाण्याचा प्राणवायू संपवायला पुरेसे आहे. मी हे वाचले त्या दिवशी हातातले पातेले खाली ठेवले.

साबणाच्या पावडरीची गोष्ट याच्या उलटी. त्यातले फॉस्फेट आणि मैल्यातला नत्र हे पाण्यातल्या शेवाळाला आणि जलपर्णीला चक्क खत म्हणून मिळतात. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिच्या जांभळ्या फुलांच्या हौसेपायी एकोणिसाव्या शतकात ती आपल्या देशात आणली गेली. खत मिळाले की दोन आठवड्यांत ती दुप्पट पसरते. तिच्या झाकणाखाली पाण्याला ऊन-वारा लागत नाही. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तेच श्वासावाटे तो ओढून घेते. म्हणून पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी होतो तो पहाटे. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात, कधी मरून तरंगतात. जाळे काढायला होडीवाला जातो तेही नेमके त्याच वेळी.

अशा कमी प्राणवायूच्या पाण्यात तग धरते ती चिलापी. ती १९५२ साली बाहेरून आपल्या देशात आणली गेली. मरळीसारखे वरून हवा घेणारे मासेही टिकतात, पण रोहू-कटल्यासारखे नाजूक मासे मागे पडतात. पुणे-पिंपरीच्या सांडपाण्याने उजनी धरणावरच्या मच्छीमारांची हीच कथा झाली आहे.

शिवाय मैल्यातून येणारे रोग आहेतच. हगवण, टायफॉइड, कावीळ हे सगळे दूषित पाण्याचे आजार. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यात जखम घेऊन वावरले तर लेप्टोस्पायरोसिस होतो. होडीवाल्याला दिवसातून दोनदा त्या पाण्यात उतरावेच लागते.

समुद्रकाठीही तेच

नदीचे असे, तर समुद्राचे काय? तो तर केवढा मोठा! माझी एक बहीण मुंबईला असते. तिच्याकडे गेले की वर्सोव्याच्या कोळीणीकडून मासळी घेणे होतेच. मुंबईची मिठी नदी विहार आणि पवईच्या तलावांच्या ओव्हरफ्लोतून निघते, सुमारे अठरा किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते, आणि वाटेत शहराची सगळी घाण गोळा करते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हीच मिठी घराघरांत शिरली होती. वरळी आणि वांद्रे येथून लांब नळांनी सांडपाणी समुद्रात आत नेऊन सोडतात. काठाजवळची मासळी कमी झाली, जाळ्यात माशांबरोबर प्लास्टिक येते, आता फार आत जावे लागते आणि डिझेलचा खर्च वाढतो, हे कोळीवाड्यातले रोजचे बोलणे. मोठ्या शुद्धीकरण केंद्रांशिवाय इलाज नाही, हे आता सरकारनेही मानले आहे. २०२३ च्या जानेवारीत मुंबईत अशा सात केंद्रांची पायाभरणी झाली. त्यांची एकूण क्षमता दिवसाला दोन हजार चारशे दशलक्ष लिटरांहून अधिक आहे.

परदेशात सगळे स्वच्छ असते, असे समजू नका हं! १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली होती, की पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून लावावे लागले. नाकाशी आले, तेव्हा कुठे गटारांच्या योजनेला पैसे मंजूर झाले! त्यानंतरही घाण समुद्रात जातच राहिली. १९९० साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर लाटांवर फळीने खेळणारी तरुण मंडळी कानाच्या, घशाच्या, पोटाच्या आजारांनी वैतागली आणि ‘सांडपाण्याविरुद्ध सर्फर्स’ अशी संघटनाच त्यांनी काढली. ती आजही काम करते आहे. पाण्यावर जाणाराला आधी कळते. घरात बसलेल्यांना मागाहून.

झाले तेही थोडके नाही

नुसते रडगाणे गाऊन काय उपयोग? आपल्या शहरात काही चांगलेही घडले आहे. पैठण रस्त्यावर कांचनवाडीला १६१ दशलक्ष लिटर क्षमतेचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभे आहे. खामच्या बाजूचे सांडपाणी नाल्यात न जाता मोठ्या लाइनीने तिथपर्यंत जावे आणि शुद्ध होऊन पुढे सुटावे, अशी योजना. आता अडचण असते ती लाइनीपर्यंत न पोचलेल्या गल्ल्यांची आणि फुटलेल्या चेंबरांची. केंद्र कितीही मोठे असो, पाणी तिथे पोचले तरच ना ते शुद्ध होणार!

खाम नदीचेही भाग्य थोडे उजळले. महापालिका, छावणी परिषद, व्हॅरॉक कंपनीची संस्था आणि इकोसत्त्व अशा सर्वांनी मिळून खाम पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. काठाचा वर्षानुवर्षांचा कचरा काढला, नाल्यांना जाळ्या बसवल्या, दगडांनी काठ बांधून काढले, झाडे लावली. आणि मैत्रिणींनो, सांगायला आनंद वाटतो, की इकोसत्त्वची स्थापना करणाऱ्या दोघीही बायकाच आहेत. नताशा झरीन आणि गौरी मिराशी. या कामाची दखल जगाने घेतली. शहरांच्या कायापालटासाठी दिल्या जाणाऱ्या रॉस पारितोषिकाच्या २०२३-२४ च्या अंतिम पाच कामांत आपली खाम होती. ज्या पुलावर नाक दाबत होतो, त्याच्या जवळ आता संध्याकाळी मुले खेळताना दिसतात.

आपल्या हातात काय आहे?

इंजिनियर लोक हिशेब करतात, की घरात आलेल्या पाण्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. म्हणजे दहा हंडे आत आले, तर आठ बाहेर. त्या आठ हंड्यांत काय घालून पाठवायचे, हे मात्र आपल्या हातात आहे. आमच्या घरी आता पुढचे नियम पाळतो:

१. तळणाचे तेल मोरीत नाही. कढई जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यायची, मग घासायची. उरलेले तेल कागदात किंवा भुशात जिरवून कचऱ्यात.

२. खरकटे मोरीत नाही. मोरीच्या तोंडाशी बारीक जाळी बसवा. ताट घासायला टाकण्यापूर्वी उष्टे काढून ओल्या कचऱ्यात घाला. चहाचा चोथा धुऊन कुंडीत. नासलेल्या दुधाचे पनीर करा. आंबट ताक पाणी घालून कढीपत्त्याला द्या, तो कसा तरारतो ते पाहा!

३. साबणाची पावडर मोजून वापरा. फेस जास्त म्हणजे कपडे जास्त स्वच्छ, हा भ्रम आहे. जास्तीचा फेस घालवायला पाणीही जास्त लागते.

४. पाळीतले पॅड, बाळाचे लंगोट संडासात टाकून पाणी सोडू नका. लाइन तुंबते, आणि ती साफ करताना कोणा माणसाचा हात त्यात जातो. कागदात नीट गुंडाळून, वेगळे ठेवून कचरागाडीत द्या. २०१६ च्या नियमांतही हेच सांगितले होते.

५. सेप्टिक टँक असेल तर दर दोन-तीन वर्षांनी यंत्राने उपसून घ्या. माणसाला आत उतरवू नका. २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने माणसे दगावतात. टँकरवाल्याला विचारायला लाजू नका, “भाऊ, हे रिकामं कुठं करणार?” नाल्यात करणार असेल, तर दुसरा बोलवा.

६. ॲसिड आणि फिनेल बेताने. ती सेप्टिक टँकमधले घाण पचवणारे जंतूही मारतात.

७. शिळे पाणी हा शब्दच सोडून द्या. झाकलेल्या स्वच्छ भांड्यातले पाणी चार दिवसांत शिळे होत नाही. डेंग्यूच्या डासांसाठी आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून, घासून कोरडे करायचे, ते खरेच. पण ते पाणी फरशी, संडास, झाडे यांना वापरा.

८. पिण्याचे पाणी पावसाळ्यात खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळा. तुरटीने गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत.

९. मासळी घेताना कल्ले लालभडक, डोळे चकचकीत आणि मांस बोटाने दाबल्यावर परत वर येणारे हवे. रॉकेलसारखा किंवा गटाराचा वास आला तर घेऊ नका. कल्ले आणि आतडी पूर्ण काढा, हळद-मीठ लावून धुवा आणि नीट शिजवा.

१०. आणि शेवटचे, विचारा. हळदीकुंकवाला, भिशीला जमतो तेव्हा पाच जणींनी मिळून नगरसेवकाला एकच प्रश्न विचारा: आमच्या गल्लीचे ड्रेनेज मोठ्या लाइनीला जोडले आहे, की नाल्यात सोडले आहे? आम्ही विचारले. एकदा नाही, चारदा विचारले. पहिल्या तीन वेळा “बघतो, बघतो” झाले. चौथ्या वेळी आम्ही अकराजणी गेलो, तेव्हा माणूस येऊन चेंबर पाहून गेला. आमच्या गल्लीची लाइन कोपऱ्यावर फुटलेली होती आणि सगळे पाणी नाल्यात जात होते. ती दुरुस्त व्हायला पुढे आणखी दोन महिने लागले, पण झाली.

यंदा नाथषष्ठीला सासूबाईंना घेऊन पैठणला गेले. नाथांच्या वाड्यातला तो रांजण तुम्हाला ठाऊकच असेल. श्रीखंड्याच्या रूपाने खुद्द देवाने नाथांच्या घरी कावडीने पाणी भरले, अशी श्रद्धा आहे. तुकाराम बीजेपासून तो रांजण भरायला सुरुवात होते. लांबच लांब रांग होती. सासूबाईंनी तांब्याभर पाणी रांजणात घातले आणि हात जोडले. परतताना मावशींच्या घरी डोकावलो. मुलगा नुकताच पाण्यावरून आला होता, पायाला मलम लावत बसला होता. शेजारी तो पाण्याचा रिकामा कॅन.

मावशींनी विचारले, “काय गं, सुनेनं काय आणलं माहेरी?”

सासूबाई माझ्याकडे पाहून हसल्या. “आणलं नाही काही,” म्हणाल्या, “पाठवायचं मात्र कमी केलंय.”